न संपलेली सहामाही

ट्रॉम्सो, फेब्रुवारी

चि. नोएलिया हिस,

एलविरामावशीचे अनेक आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे ओडवारकाकांची कंबर धरली आहे आणि माझी दाढ दुखते आहे, पण फेब्रुवारीत आमच्याकडे याला खुशालच म्हणतात. आजीच्या गुडघ्यांना आराम असेल. सारागोसात वारा सुटला असेल आणि चौथ्या मजल्यावरच्या नोटरीसाहेबांचे वाळत घातलेले कपडे नेहमीप्रमाणे आपल्या गॅलरीत येऊन पडत असतील. (नोटरीणबाई अजून हिंडत्याफिरत्या आहेत ना? त्यांचा या पत्रात पुढे संबंध येणार आहे.)

पत्राचं कारण सरळच सांगते. परवा तुझ्या आईचा फोन आला. परदेशातल्या सहामाहीसाठी तू म्हणे पहिलं नाव आमच्या या ध्रुवाजवळच्या ट्रॉम्सोचं घातलं आहेस. अंपारो रडली नाही की ओरडली नाही. भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "तू सहा महिन्यांसाठी गेलीस, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता माझ्या पोरीला ओढू नकोस. तूच लिही तिला, चांगली घाबरव." मी शब्द दिला आहे. तेव्हा हे पत्र तुला घाबरवण्यासाठी आहे, ते त्याच बुद्धीने वाचावं.

मी इथे ऑगस्टात उतरले ती एक पेटी, एक छत्री (इथल्या वाऱ्याने ती पहिल्याच आठवड्यात खाडीत नेली) आणि आपल्या आईचे संस्कार घेऊन. त्या संस्कारांत पहिला असा, की कुणाच्याही घरी जाताना दार वाजवायचं आणि आतून "या" म्हणेपर्यंत पायपुसण्यावर उभं राहायचं. माझी घरमालकीण बोर्गहिल्ड खालच्या मजल्यावर राहायची, मी वर. मी तिचं दार वाजवलं की आतला रेडिओ बंद व्हायचा. खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मग चिडीचूप. मी पुन्हा वाजवलं की शांतता आणखी वाढायची. महिनाभर असं चाललं. बाईला मी डोळ्यांसमोर नको आहे, अशी माझी खात्री पटली. मी वरच्या खोलीत ब्रेड आणि ते तपकिरी गोड चीज खाऊन दिवस काढू लागले. (ते चीज पहिल्यांदा साबणासारखं लागतं. पुढे त्यावाचून चैन पडत नाही, आणि ही घाबरण्याचीच गोष्ट आहे.)

खरा प्रकार पुढे शेजारच्या टुरूनकडून कळला. इथे ओळखीचं माणूस दार वाजवत नाही. सरळ आत यायचं, बूट काढायचे, "मी आहे" असं मोघम ओरडायचं आणि थर्मासातली कॉफी ओतून घ्यायची. दार वाजवतात ते फक्त धर्मप्रचारक आणि करवसुलीवाले. बोर्गहिल्ड बिचारी महिनाभर त्या दोघांपैकी कुणीतरी आलंय म्हणून श्वास रोखून बसत होती, आणि वर गावभर सांगत होती, की स्पेनची पोर फार तोऱ्यात आहे, एकदा म्हणून खाली कॉफीला येत नाही.

तुझी मावशी एकदा एखादी गोष्ट शिकली की मग ती ताळ सोडते. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, बर्फाचा भुरभुराट चालू असताना, मी वर्गातून आले, दार ढकललं, बूट काढले, "मी आहे" म्हणून ओरडले, कॉफी ओतली आणि आत जाऊन बसले. समोर बोर्गहिल्डच्या जागी एक दाढीवाले आजोबा टीव्हीवर मासेमारीच्या बातम्या बघत होते. मला वाटलं, हे तिचे पाहुणे. त्यांनी मान हलवली, मी मान हलवली. त्यांनी वॅफलची बशी माझ्याकडे सरकवली. बातम्या संपल्या, हवामान संपलं, एक शब्द बोलणं झालं नाही, आणि खरं सांगते, इथे आल्यापासूनची ती माझी सर्वांत सुखाची संध्याकाळ होती. उठताना भिंतीवरचे फोटो पाहिले तेव्हा कळलं, की आपण शेजारच्या गल्लीतल्या भलत्याच घरात आहोत. (सगळी घरं तशीच लाकडी, सगळ्या खिडक्यांत तसेच दिवे, माणसाने करावं काय?) तू कोण, कुठली, इथे कशाला, असं आजोबांनी चकार शब्दानेही विचारलं नाही. मी बूट घालत होते तेव्हा ते मागून एवढंच म्हणाले, "पुढल्या वेळी बाहेरचं दार नीट ओढून घे ग. ऊब जाते."

पुढल्या वेळी. हे दोन शब्द मी रस्ताभर घोळवत आले. ते आजोबा चार वर्षांनी माझे सासरे झाले, हा वेगळा भाग. आपल्याकडे अजून समजतात, की मी कुणा देखण्या कोळ्याच्या नादी लागून इथे राहिले. ओडवारकाकांना तू पाहिलं आहेस, तेव्हा या समजाबद्दल मी काही बोलत नाही.

आता घाबरण्याचा मुख्य भाग. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य जातो तो जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, की झालं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण अंगावर आलं तेव्हा मला झेपलं नाही. मी अंथरुणातून उठेना. वर्ग बुडाले, केस विंचरलेले नाहीत, आईला फोनवर थाप मारायची की मजेत आहे. तिसऱ्या दिवशी बोर्गहिल्ड दार न वाजवता वर आली. हातात मासळीच्या साराचं पातेलं, काखेत विणकाम. ते पातेलं तिने माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांवरच ठेवलं (डाग अजून आहे) आणि पलंगाच्या कडेला बसून एका मोज्याची टाच विणत राहिली. ती पुरी झाल्यावर म्हणाली, "ऊठ आता. अंधार काय तुझ्या एकटीचा आहे? सगळ्यांचा आहे तो. खाली ये, खाली बसून उदास हो." मी खाली जाऊन उदास झाले. टुरूनही तिथे बसून उदास होती. मग कुणीतरी पत्ते काढले.

बोर्गहिल्डला जाऊन नऊ वर्षं झाली. अजून त्या घरावरून गेले की माझा हात आपोआप कडीकडे जातो. आता तिथे एक दंतवैद्य राहतात, त्यांना चालणार नाही.

डिसेंबरात सहामाही संपली आणि मी घरी आले. नाताळच्या आदल्या दिवशी नोटरीसाहेबांचा सदरा परत करायला चौथ्या मजल्यावर गेले. दार किलकिलं होतं. मी आत शिरले, बूट काढले, "मी आहे" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी शोधू लागले. नोटरीणबाई केस कुरळे करायच्या गुंडाळ्या डोक्याला लावून आल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून तळमजल्यावरचा रखवालदार फावडं घेऊन धावला. तुझ्या आजीने मला त्यांची माफी मागायला लावली. मी मागितली, पण पायपुसण्यावर उभी असताना मला एकदम भडभडून आलं. जन्म गेला त्या जिन्यात मी पाहुणी झाले होते. जानेवारीत मी एकच सहामाही वाढवून घेतली. ती अजून चालू आहे.

याची किंमत पडते, तीही लिहिते, म्हणजे अंपारोला दिलेला शब्द निदान एका परिच्छेदापुरता पाळला जाईल. आमचे बाबा, तुझे आजोबा, गेले तेव्हा इथे वादळ होतं, विमानं बंद होती. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. सगळं एकट्या अंपारोने केलं. ती त्याबद्दल मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दर उन्हाळ्यात मी येते, आपण सगळे हसतो, खातो, पण तिने माझं घर अजून पाहिलेलं नाही. थंडी सोसत नाही म्हणते. जुलैतही हेच म्हणते.

तेव्हा नोएलिया, नीट विचार कर आणि दुसरं एखादं बरं, उन्हाचं विद्यापीठ निवड. आजीला नमस्कार, तुझ्या बाबांना आठवण.

तुझी,
एलविरामावशी

ता. क. पत्र ओडवारकाकांना अर्थ सांगत वाचून दाखवलं. त्यांच्या मते याने कुणी घाबरणार नाही. मग बाबांचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगून ते कंबर धरून बाहेर बर्फ काढायला गेले. तू आईला हवं तर तो परिच्छेदच दाखव.

ता. क. दुसरा. लोकरीचे आतले कपडे तिकडून आणू नकोस, तिकडच्या लोकरीत काही दम नसतो. आमच्या घरातली वरची खोली रिकामी आहे. पडदे धुतले आहेत, सहज.

ता. क. तिसरा, आणि हा कुणालाही दाखवू नकोस. येशीलच तर एकटी येऊ नकोस. आईला सांग, की तुला भीती वाटते, सामान जड आहे, पहिले आठ दिवस तिने सोबत राहावं. तिचं परतीचं तिकीट आधी काढ आणि तिच्या हातात दे, म्हणजे ती निर्धास्त निघेल. तुझं काढायचं की नाही ते तू ठरव. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस. तुझ्यासाठी ती ध्रुवापर्यंत चालत येईल. माझ्यासाठी येत नाही, आणि त्याचं मला आता काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते.