लोहाराच्या नावाची दोन अक्षरं

दादा, गुरुवार आला की अजून तुमची डब्याची पिशवी आठवते. कंपनीला सुट्टी, पिंपरीतले बाकीचे फिटर घरी ताणून द्यायचे आणि तुम्ही मला घेऊन पहिल्या एसटीनं चाकणच्या पुढचं लेणं गाठायचात. "हितं भिक्खू पावसाळाभर ऱ्हायचे, घाटातनं बैलांचे तांडे यायचे, म्हणून खालचं गाव वसलं," हे तुम्ही अजूनही दर वेळी नव्यानं सांगता, आणि मला पाठ असूनही आवडतं.

स्तूपाच्या बैठकीवर एक ओळ कोरलेली होती. एका भन्तेंकडून लिपीचा तक्ता उतरवून आणून तुम्ही ती वर्षभर लावत बसलात. एक दिवस ओरडलात, "अगं, दान देणारा लोहार हाय! आपल्यासारखा लोखंडातला!" त्याच्या नावाची दोनच अक्षरं, तेवढीच अडली होती. गावातली एक म्हातारी त्याच स्तूपाला देवी म्हणून शेंदूर लावायची. मला राग यायचा. तुम्ही म्हणायचात, "लावू दे. दगडाला कुणीतरी विचारतंय." ती आपल्याला शेजारी बसवून भाकरी वाढायची. त्या काळात, त्या गावात, ही लहान गोष्ट नव्हती.

मी बारा वर्षांची होते, अंगात नको तेवढं शहाणपण. एकदा निघताना, डबा राहिला म्हणून परत आत गेले आणि पायऱ्यांवरच्या शेवाळासाठी तुम्ही आणलेल्या तारेच्या ब्रशानं तो शेंदूर खरवडला. त्याबरोबर त्याखालची ती दोन अक्षरंही गेली.

पुढच्या गुरुवारी तुम्ही पाहिलंत. नवरात्र जवळ आलेलं, नवा लावायला जुना शेंदूर म्हातारीच्याच घरच्यांनी काढला असं तुम्ही धरून चाललात आणि तिला म्हणालात, "मावशी, तुमच्या लोकांनी हे बरं केलं न्हाई."

"आमी आमच्या आईला खरडू व्हय रं?" म्हणत ती रडायला लागली. त्यानंतर ती वर आली नाही. तुम्ही पायरीवर बसून डबा खायचात, घास तोंडातच फिरवत. ती गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही मयतीला जाऊन लांब उभे राहिलात. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. फार लाज वाटते, दादा.

हे पत्र तुमच्या लिपीच्या तक्त्याच्या घडीतच ठेवणार आहे. आता मी शाळेच्या मुलांना लेणं दाखवते. भिक्खू, तांडे, लोहार, सगळं तुमच्याच शब्दांत. परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, त्याचं नाव कुठं गेलं?"

मी म्हणाले, "पावसानं झिजलं."