सुईणीचा मान

मी, सलोमीबाई शमुवेल सातवेकर, वय वर्षे बहात्तर, मिशन दवाखान्यातली निवृत्त नर्स, राहणार नागाळा पार्क, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दुखणे हृदयाला आहे, डोक्याला नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणायचा प्रयत्न एकाने केला, त्याचे नाव लगेच येते आहे.

१. पुढच्या दोन खोल्या माझा पुतण्या धैर्यशील याला द्याव्यात. त्याला सगळे घर हवे आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. दिराचा मुलगा म्हणून एवढे देते. वागण्याकडे पाहिले असते तर उंबरठाही दिला नसता.

२. मागची खोली, मोरी आणि परसातले पेरूचे झाड लालरिनपुई हिला द्यावे. ही मिझोरामहून आलेली मिशनरी, नर्सच आहे. मराठी शिकायला माझ्याकडे राहिली, तेव्हापासून मी तिला रिनू म्हणते आणि ती मला आजी. तिच्यानंतर ही खोली परक्या मुलखातून सेवेला आलेल्या कोणाही थकल्या जिवाला उघडी राहावी.

वकीलसाहेबांनी इथे 'सेवेत राहील तोपर्यंत' असे घातले होते. ते मी खोडले आहे आणि शेजारी सही केली आहे. रिनूची ट्रंक बांधून तयार आहे, सोमवारी ती सेवा सोडून कायमची घरी निघाली आहे. गेली तरी खोली तिचीच.

३. हे असे का, ते धैर्यशीलने कोर्टाची पायरी चढण्याआधी नीट वाचावे.

रिनू चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत दवाखाना चालवते. पावसाळाभर तिथे कपडे वाळत नाहीत, बोली निम्मी कानडी वळणाची, तरी पोरगी टिकली. गेल्या महिन्यात तिने अंबूबाईच्या अडलेल्या सुनेला सुखरूप बाळंत केले. पाचवीला सटवाईची पूजा झाली आणि अंबूबाईने पूजेपुढची साडीचोळी रिनूपुढे धरली. "घ्या बाई. सुईणीचा मान असतोय ह्यो."

रिनूने हात मागे घेतले. "देवीपुढचं मला चालत नाही."

"मग आमच्या पोराला हात तरी कशाला लावलासा?" अंबूबाई म्हणाली आणि साडी घेऊन आत गेली.

त्यानंतर दवाखान्यात एक बाई फिरकली नाही. पुढे त्याच बाळाला ताप भरला. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण घरचे त्याला एस्टीने तालुक्याला घेऊन गेले. वाटेत ते निळे पडले. वाचले, ही प्रभूची कृपा. रिनू माझ्याकडे आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. "आजी, माझ्यामुळं ते लेकरू मरत होतं," म्हणाली. मला तिच्यासाठी रडू आले आणि धैर्यशीलचा संताप आला.

कारण सल्ला त्याचा. तो आमच्या मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा पंच. हळदीकुंकवाच्या ताटातले काही घेतलेस तर विश्वास बुडाला, असे त्याने तिला बजावले होते. आता तोच सांगतो की देवाने तुला बोलावलेच नव्हते, परत जा. बरोबर आहे, ती गेली की मागची खोली मोकळी. धैर्यशील, तुझ्या लग्नात तुला अंगभर हळद मीच फासली, तेव्हा तुझा विश्वास कुठे गेला होता? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

४. माझी बाळंतपणाची पेटी रिनूला द्यावी. सोबत हे शब्दही द्यावेत. तोंडाने सांगायला गेले की ती रडते, म्हणून लिहिते.

पोरी, तुझी भक्ती खरी आहे. पण मूर्तीपुढे ठेवल्याने वस्तू बाटत नाही, हे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तेव्हाच सांगून ठेवले आहे. सटवाईला हात जोड असे तुला कोणी म्हटले नव्हते. म्हटले असते तर नाही म्हणायला मीच शिकवले असते. अंबूबाई तुला घरातली मानून देत होती. प्रभू परक्या जातीच्या शोमरोनी बाईला जिवंत पाणी द्यायला विहिरीवर बसला, पण आधी त्याने तिच्याकडे प्यायला मागितले. आपण सेवक नुसते देत सुटतो आणि घ्यायची वेळ आली की ताठ होतो. मी सातवे गावाहून चंदगडला नर्स म्हणून गेले, तेव्हा तिथला जाड भात घशाखाली उतरत नव्हता. सगळे मला पावणं म्हणायचे. एका म्हातारीकडे मीठ मागितले, त्या दिवसापासून ती मला पोरी म्हणू लागली. जा, अंबूबाईच्या दारात उभी राहा आणि साडी माग. ती दार लावेल, चार शब्द ऐकवेल. तरी माग.

५. दफन साधे करावे. धैर्यशीलने भाषण करू नये.

पुरवणी. वरील मजकूर कालचा आहे. कलम चार मी रात्री रिनूला वाचायला दिले. आज सकाळी चप्पल घालून दारात उभी, ट्रंक खोलीतच.

"कुठं निघालीस?"

"चंदगडच्या गाडीला. मागायला."

अंबूबाई देईल की हाकलून लावेल, मला माहीत नाही. गाडी एव्हाना गडहिंग्लजच्या पुढे असेल. खाली सही करताना माझा हात कापतो आहे, तो एवढ्याच कारणाने. सलोमीबाईंना भान नव्हते असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून हे साक्षीदारांसमोर नोंदवून ठेवते.

सही : सलोमीबाई शमुवेल सातवेकर

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
१. आकाराम गुंडू चौगुले, निवृत्त कंपाउंडर
२. शालूबाई पिराजी कांबळे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १५ मार्च २००३, शनिवार