पिंपरीच्या मळ्यावर जंगल

हिवरखेड, १९ जानेवारी २०२६

चि. आचलले तुह्या आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पहिले आला तो तुह्या वर्गातला कुलदीप, मळ्याच्या चिखलात फसलेली चप्पल हातात घेऊन. मंग प्रतीक्षा, आन् मांगून तुमच्या दीपमाला मॅडम. विद्यापीठातले लोक माह्या दारात! काय करू आन् काय नाई, असं झालं मले. पिठलं-भाकर केली, ठेचा वाटला. कुलदीप पोरगं गुणाचं हाय. लग्न झालं काय म्हणून इचारलं, तं कानापर्यंत लाल झालं.

मॅडमनं मोबाईलवर तुमचा तिघाईचा नकाशा दाखोला. आपल्या पिंपरीच्या मळ्यावर हिरवागार रंग, आन् तो म्हणे जंगलाचा! मी हासून हासून बेजार. म्हटलं, बाई, हे पांगारे आमीच लावले, पिंपरीचे, त्या औषधी पिंपळीचे, वेल चढवाले. इथं वाघ नाई, माह्या जाऊबाई हायेत. त्या म्हणे, आचल तं संक्रांतीले इथं येऊन, पाहून गेली. म्या सांगतलं, कुठची येते, दिवाळीपासून पाय नाई ठेवला तिनं. तिच्या तीळगुळाले मुंग्या लागल्या.

मंग मॅडमनं मोबाईल बंद केला. चहा तसाच ठेवला. साखर लय झाली असन.

फोनवर मले ऐकू येत नाई, कागदच लिवजो.

तुही आजी मैनाबाई

अमरावती, २३ जानेवारी

ती. आजीस आचलचा सा. न. वि. वि.

चहात साखर बरोबर होती, आजी. संक्रांतीला मी निघाले होते गं, पण अकोल्याला मैत्रिणीकडे, शालूकडे उतरले आणि पतंगाच्या नादात तिथंच राहिले. तिच्या गच्चीवर बसून उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा भरला. झाडं दिसली, जंगल लिहिलं. खाली ‘जागेवर जाऊन पाहिलं’ असंही लिहून दिलं. उपग्रहाला पांगाऱ्याखालचे वेल दिसत नाहीत, म्हणून तर जायचं असतं. ज्या मळ्यात वाढले, तोच मला वरून ओळखू आला नाही.

आता माझ्या खोट्यापायी कुलदीप आणि प्रतीक्षाचंही वर्ष जाईल. तुझ्या हातचं जेवले ते. मॅडम रागावत नाहीत, नुसत्या बघतात.

आजी, त्यांनी पुन्हा विचारलं तर, आचल आली होती, मीच विसरले, असं सांगशील? हे समोर बसून मागताना मला तुझ्याकडे बघवलं नसतं.

रागावलीस तरी माझीच राहा.

आचल

हिवरखेड, २८ जानेवारी

चि. आचल, आशीर्वाद हायेतच, ते कुठी जात नाई.

काल कुलदीप आन् प्रतीक्षा पुन्हा आले. दोघंबी सुकून गेले. प्रतीक्षानं हात धरून इचारलं का आजी, नीट आठवा, आचल आली होती काय. तुह्यं पत्र माह्या कंबरेले खोचलेलं. सांगाले तोंडबी उघडलं. पण पोरी, बाकी सारं इसरतो मी. संक्रांतीले दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं पायलं, ते कसं इसरू? नाई आली, म्हटलं. पोरगी मान खाली घालून रडली.  तुले बुडवलं असं वाटते, आन् खोटं बोलली असती तं त्याईले बुडवलं असतं.

तू इकडं ये. त्या दोघाईचा दोष नाई, हे मॅडमले तुह्याच तोंडानं सांग. मी जवळ बसतो. एवढी आफत आली, तरी तू घरी येशीन म्हणून मले आतून खुशी होऊन राहिली, आन् त्याचीच लाज वाटते.

माया पातळ करू नको. शुक्रवारच्या गाडीनं येजो. मॅडमले घेऊन शनिवारी येतो, असं सांगून गेले ते.

मैनाबाई