सिद्धम्माच्या काचा

१२ मार्च १९४४, पूर्णा

बसवंत जाऊन आज सोळा दिवस. अकरा महिन्यांचा होता. तीन दिवस ताप— संपलं.
दुकान उघडलं. रेल्वेतल्या एका बाबूचा फोटो काढला. चांगला आला.
सिद्धम्मा बोलत नाही. ताट वाढते आणि बाजूला होते.

१५ मार्च

आज बोलली. एवढंच— "साऱ्या गावाचे फोटो काढता तुमी. आपल्या लेकराचा एक बी का न्हाई?"
खरं ते सांगितलं. लढाईमुळे हैदराबादहून फोटोच्या काचा येत नाहीत. येतात त्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाहीत. पोरगं चालायला लागलं की काढू, असं मनात होतं. तिने ऐकून घेतलं. मग चुलीपुढे जाऊन बसली.

१९ मार्च

बाजारातून आलो तर कॅमेरा परसात! सिद्धम्मा काळ्या कापडाखाली, भिंतीपासून हातभर अंतरावर. काच भरणं, भिंगाची टोपी काढणं, सगळं येतं तिला. लग्नापासून दुकानात मदत करते. पण भिंतीचा फोटो? दोन काचा गेल्या. लय राग आला.

२० मार्च

त्या काचा धुतल्या. एकीवर नुसता पांढरा उजेड, खालून काळं चढत आलेलं. दुसरीवर बहुतेक चुलीचा धूर. माणूस नाही, वस्तू नाही. टाकून देत होतो. ती म्हणाली, छापा.
हे आहे तरी काय, असं विचारलं.
"दुपार हाय माझी."
मला काही कळलं नाही. छापून दिले.

२८ मार्च

आणखी तीन काचा. एकीवर परातीतलं पाणी, इतक्या जवळून की पाणीही वाटत नाही.

३० मार्च

बसवंतला माती देताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गडी घट्ट आहे, असं लोक म्हणाले. असेन. काम चालू आहे.

२ एप्रिल

चुडाव्याहून कोंडाबाई आली. धनगराची म्हातारी. लेक पलटणीत आहे, त्याला स्वतःचा फोटो पाठवायचाय. खुर्चीत बसवली, पण नजर दोरीवर वाळत टाकलेल्या सिद्धम्माच्या फोटोंकडे. उठलीच. पाण्याच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. ते बिघडलेत, असं मी सांगितलं.
"बिघडलं न्हाई, बाबा. माझी पोरगी गेली तवा मला सालभर असंच दिसायलं होतं."
मग आत सिद्धम्माजवळ जाऊन बसली. दोघींचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. पाच आठवड्यांत या घरात एवढं कुणी बोललं नव्हतं.
म्हातारीचा फोटो नीट आला.

९ एप्रिल

सिद्धम्मा म्हणाली, आज तुम्ही बसा. मागच्या खोलीत उजेड कमी, म्हणून तिने बारा मोजेपर्यंत टोपी काढून ठेवली. बाराच्या बारा अंक मी ताठ बसून ऐकले. जराही हललो नाही.

१० एप्रिल

काच धुतली. खुर्ची स्वच्छ आली आहे, पाठीवरच्या नक्षीसकट. माझ्या जागी नुसता धुरकट पट्टा. चेहरा नाही. हात नाहीत. म्हणजे सगळा वेळ मी थरथरत होतो.
सिद्धम्माने काच उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिलं.
"आत्ता आलात तुमी," म्हणाली.