एका वेळी एकच औषध

मुर्री, ८ ऑक्टोबर १९५५
सुया संपल्या. यमुनेला छकड्यातून गोंदियाला नेलं, शेवटची टोचून आणलं. आता वर्षभर गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. डॉ. म्हणाले, "वैद्यजी, टीबीचं मी बघतो. तुम्ही फक्त भूक लावून द्या. पोटात अन्न नसेल तर माझी गोळी काय करणार?" तीस वर्षं लोकांची नाडी बघतोय. स्वतःच्या बायकोला क्षय झाला तेव्हा माझ्या वाट्याला भूक लावायचं काम. राग आला. पण माणूस खरं बोलला.

१५ ऑक्टो.
य. मागच्या खोलीत. वेगळं ताट, वेगळा पेला. मी उंबऱ्याशी बसलो तरी म्हणते, "मांगं सरा."
अडुळशाचा लेह केला, चाटण म्हणून. कुटायचं तिनं, पाक बघायचा मी, असं आमचं इतकी वर्षं. आज दोन्ही मीच. पाक करपला. एरवी केवढं बोलली असती. आज बोलायला कोणी नव्हतं, तेच लागलं मनाला.

२ नोव्हें.
भूक लागली. आधी पेज, मग मऊ भात, आज शेळीचं दूधही. गालावर किंचित मांस.
रोगी मात्र एक नाही. वैद्याच्याच घरात क्षय, अंगणात पाय कोण ठेवणार. मिलचा भोंगा झाला की कळतं, अर्धा दिवस गेला.

९ नोव्हें.
शेजारचा सोमाजी धानाकडे जाताना कुंपणापलीकडेच थांबला. "वैद्यबा, तुमीच डाक्टरकडं जाऊन राहिले, मंग आमी कायले यावं तुमच्याकडं?"
डोकं फिरलं. म्हणालो, डॉक्टर नावाला आहे, गुण माझ्या लेहाचा. सो. हसला आणि गेला.
मागच्या खोलीची खिडकी उघडी होती, आतून य. खोकली.
बोलून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२० डिसें.
दुपारचा ताप परत आलाय. थुंकीत रक्ताची रेघ. डॉ. गोंधळले. "गोळ्या घेते ना?" मी म्हणालो, माझ्या हातानं देतो.
देतो म्हणजे, उंबऱ्यावर ठेवतो आणि मागे सरतो. तिनंच तसं लावून दिलंय.
घरी आलो. जेवलो नाही. कोण विचारणार होतं.

३ जाने. ५६
कित्येक दिवसांनी रोगी. सोमाजीची म्हातारी, पोट धरून. हिरड्याची बरणी उघडली, हात खोल घातला, तर तळाशी फडक्याची गाठ. आत डॉक्टरच्या गोळ्या. मूठभर.
म्हातारीला काय दिलं आठवत नाही.
यमुनेला विचारलं. तिनं लपवालपवी केली नाही. "तुमीच त सांगता सगळ्याईले, एका टायमाले एकच औषध. दोन औषधं पोटात भांडतात." मग भिंतीकडे तोंड करून, "तुमी सोमाजीले म्हनलं ते आयकलं मी. डाक्टरच्या गोळीनं बरी झाली त तुमच्याकडं कोन येईन?"
म्हणजे दोन महिने. मी कुंपणाशी बढाई मारली त्या दिवसापासून.
बसून राहिलो. तो नियम मी का केला होता? गुण दुसऱ्याच्या पुडीला जाऊ नये म्हणून. पोटातलं भांडण मागाहून जोडलेलं. गावात कितीजणांनी पाळला देव जाणे. घरातल्या एकीनं पाळला.

५ जाने.
डॉ.ना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, औषध मधेच सोडलं की रोग त्याला सरावतो. सुया पुन्हा. लागू पडतील की नाही, ते दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढल्यावर कळेल.
"लेह बंद करू?"
"काऊन बंद? दोन घास खाते ती तुमच्यामुळं, वैद्यजी."
परतताना छकड्यात य. आणि मी.

७ जाने.
य. ऐकत नाही. "एक सांगा. तुमचं, का त्याइचं?" समजावलं, चिडलो, हात जोडले. नाही.
शेवटी सोमाजीला हाक मारून कुंपणाशी बोलावलं. मागची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. मोठ्यानं म्हणालो, सोमाजी, मी आजवर चुकीचं सांगत आलो. दोन औषधं भांडत नाहीत. रोग डॉक्टरची गोळी मारते, माझा लेह नुसती भूक लावतो.
त्याला काही कळेना. "हे मले काऊन सांगून राहिले?"
सांगायला दुसरं होतंच कोण.
संध्याकाळी तिनं गोळी माझ्यादेखत गिळली. वर बोटभर लेह चाटला. "मांगं सरा," म्हणाली. सरलो नाही.

१० मार्च
सो.नं गावभर केलं. आता तर कोणीच येत नाही. खलावर धूळ. अडुळसा तेवढा रोज कुटतो, तिच्यापुरता.
ताप कधी असतो, कधी नसतो. रक्त थांबलंय असं वाटतं, तेवढ्यात पुन्हा दिसतं. नाडी बघतो आणि काही ठरवत नाही. घरच्याची नाडी खरं बोलत नाही, की मीच ऐकत नाही, कोण जाणे.
उद्या फोटो. छकडा सांगितलाय.
आज लेह चाटता चाटता य. म्हणाली, "बरी झाली त कोनाचं नाव सांगू?"
म्हणालो, डॉक्टरचं सांग. माझं जाऊ दे.
"दोघाइचंही सांगीन." पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "सांगाले मी राह्यली पायजे, बस."
मी तिचा वेगळा पेला उचलला, विसळला, आणि माझ्या पेल्याशेजारी पालथा घातला. ती बघत होती.