सुटायच्या वेळेचा निरोप

सोलापूर,
२ मार्च

ती. स्व. आक्कास,
शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

एका गंभीर अपराधाची फिर्याद तुझ्या दरबारात दाखल करतो आहे. शाळेने सत्कारात दिलेला सोलापुरी टॉवेल मी आजवर अंगाला लावला नव्हता. कपाटात ठेवून त्याचं केवळ दर्शन घेत असे. तुझ्या कन्येने काल त्याने सायकलच्या साखळीचं काळं तेल पुसलं. जाब विचारला तर म्हणते, मामा, टॉवेल पुसायलाच असतो की. तीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलेले हे हात मग साबण घेऊन ते तेल धूत बसले. न्याय तूच कर.

बाकी माझ्याकडे शिकायला ठेवलेल्या तुझ्या या पिंकीची प्रगती उत्तम. कॉलेजच्या वह्या कोऱ्या आहेत, पण सायकलीचे टायर दोनदा झिजले. पहाटे मी उठायच्या आत ती रस्त्यावर असते. सोळा तारखेला तुमच्याच मंगळवेढा रस्त्यावर शर्यत आहे. तिऱ्ह्यापासून कामतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. सगळ्या एकदम सुटत नाहीत. एकेक जण एकेकटी सुटते, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. पहिली आली तर राज्याच्या संघात. जोतीराम सर, म्हणजे तिचे प्रशिक्षक, म्हणतात, पोरीत दम आहे. मी म्हणतो, दम आहे म्हणूनच आमच्या घरात भाकरी उरत नाही.

परवा एक गंमत झाली. सराव करून आली आणि पायरीवर बसली. कुठवर गेली होतीस विचारलं, तर सांगता येईना. घरी कशी आली तेही आठवेना. पाय आपोआप फिरत होते म्हणाली. योगशास्त्रात याला समाधी म्हणतात. डॉक्टरांनी मात्र साखर उतरली म्हणून गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. आता ठणठणीत आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि दाजी फोन रानात घेऊन जातात, म्हणून ही पत्रापत्री. मंगळवेढा एसटीच्या शिवप्पा कंडक्टरकडे देतो, संध्याकाळी पोचेल.

लोभ आहेच, तो टॉवेलासारखा मळू देऊ नये.

तुझा,
शहाजी


मंगळवेढा,
५ मार्च

चि. शहाजीस,
आक्काचा आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. टावेलाचं म्हणशील तर चांगलंच केलं पोरीनं. वस्तू वापरायला असत्यात. तुला ल्हानपणापास्नं ठेवून द्यायची खोड.

पण त्यो टावेल तू पुढं केलास आन मागं काय लपवलंस ते कळलं मला. घरी कशी आली आठवंना, ही गंमत व्हय रं? असलं लिवताना तुला हसू येतं, मला हितं घास जाईना.

तुला आठवतंय का, ती सात वर्साची आसताना गारा पडल्या हुत्या. आमी समदी मेंढरं घिऊन देवळात शिरलो. मोजली तर एक कोकरू कमी, आन ही बी न्हाय. गारा थांबल्या तवा आली, कोकरू झग्यात गुंडाळल्यालं, कपाळ फुटल्यालं, डोळ्याला पाणी न्हाय. तू सुट्टीला आला हुतास. तू तिला खांद्यावर घिऊन नाचलास, म्हणलास वाघीण हाय. समदी हसली. मी तवाच भ्याले. जिला आडोसा दिसत न्हाय ती वाघीण कशाची?

हितं ज्वारी काढून पडलीय, कणसं खळ्यावर यायची हायती. तुजं दाजी रोज आभाळाकडं बघत्यात. म्हणत्यात, या महिन्यात आवकाळी लागणार. त्यास्नी शर्यतीला यायला जमायचं न्हाय.

पोरीला जप. दुसरं काय लिवू.

तुजी,
आक्का


सोलापूर,
११ मार्च

ती. स्व. आक्कास,
शहाजीचा शि. सा. न.

तुझ्या न्यायालयात फिर्यादीच आरोपी ठरतो, हे मी विसरलो होतो. शिक्षा मान्य.

डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. विश्रांती घ्या म्हणाले. पिंकीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढली. मी दारात आडवा उभा राहिलो. ती म्हणाली, मामा, एवढी शर्यत होऊ दे, मग महिनाभर झोपते. वरकरणी मी रागावलो, पण खरं सांगू, बाजूला झालो तो कौतुकानेच.

निवड-फेरीत तिची वेळ सर्वांत कमी आली. यात नियम असा, की जी सर्वांत वेगवान ती सर्वांत शेवटी सुटते. मान मोठा आहे. फक्त मुलींची शर्यत दुपारनंतर आहे, आणि दुपारनंतरचं मला आजकाल बरं वाटत नाही. परवापासून वारा पडला आहे. झाडाचं पान हलत नाही. चार वाजले की आभाळ न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं दिसतं. रात्री दूर कुठेतरी गुरगुरतं आणि पडत काही नाही. पंचांगवाले आणि मोबाइलवाले या एका बाबतीत एकमताने बोलत आहेत, हेच मुळी अशुभ.

सरांना विचारलं, पाऊस आला तर? म्हणाले, शर्यत पावसातही होते. विजा कडाडल्या तर थांबवू. थांबवतील.

दाजींना ज्वारी झाकायला सांग.

तुझा,
शहाजी


मंगळवेढा,
१४ मार्च

चि. शहाजीस,
आशीर्वाद.

थांबवतील म्हणतोस. ती थांबंल का?

एकच काम कर. माजा निरोप तिला सांग. आभाळ कडाडलं की सायकल टाकून दे आन पयलं घर दिसंल तितं शीर. शर्यत गेली तरी चालंल, आई म्हणती म्हणून सांग. आदी सांगू नगंस, ती वाद घालंल न्हायतर इसरंल. सुटायच्या येळंला कानात सांग. माजं ऐकत न्हाय, तुजं ऐकती.

एवढं कर. बाकी काय मागत न्हाय.

आक्का


तिऱ्हे,
१६ मार्च, संध्याकाळ

आक्का,

मायना लिहीत नाही. शर्यतीच्या मांडवात बसलो आहे. अर्धा मांडव उडाला आहे. मंगळवेढ्याची एसटी यायची आहे, तोवर लिहितो.

मुली सुटायला लागल्या तेव्हा फक्त थेंब होते. पिंकी शेवटची. सुटताना दोन्ही पाय पायडलांत अडकवलेले असतात, म्हणून मागे कोणीतरी सीट धरून उभं राहावं लागतं. तिने सरांना सांगितलं, माझा मामाच धरणार. भिजलेली सीट मी त्याच टॉवेलाने पुसली. ती हसली. म्हणाली, बघ, पुसायलाच असतो की.

मोजणी सुरू झाली. तुझा निरोप माझ्या जिभेवर होता. कानाशी वाकलोही. मागे न बघता तिने विचारलं, काय मामा? तिची पाठ धनुष्यासारखी ताणलेली होती, आक्का. इतक्या महिन्यांच्या पहाटा त्या पाठीत होत्या. आता थांबण्याचं सांगितलं तर ही ताणलेली दोरी सैल पडेल, असं वाटलं. म्हणालो, काही नाही, जा. आणि सीट सोडली.

ती दिसेनाशी झाली आणि गारा सुरू झाल्या. मग विजा. शर्यत थांबवली. जीपचा ड्रायव्हर कल्लप्पा बाकीच्या मुलींना गोळा करून घेऊन आला. एक ढाब्यावर सापडली, एक पुलाखाली, दोघी कुणाच्या गोठ्यात. त्याने सांगितलं, शेवटची पोरगी वाटंत दिसली हुती, मी हाका मारल्या, लाइट मारली, तिनं बघितलंच न्हाय सर. डोळं उघडं हुतं, पर बघितलं न्हाय. थंडीने काकडलेल्या मुलींना आधी पोचवणं भाग होतं. सरांना घेऊन तो परत तिकडे गेला आहे, अजून आलेला नाही.

आणखी एक गोष्ट तो जाता जाता बोलला. कामतीला जिथे वळायचं, तिथे खुणेसाठी ठेवलेलं पिंप वाऱ्याने उडालं. झेंडा घेऊन उभा असलेला माणूस आडोशाला गेला होता. त्याचा काय दोष? विजा कोसळत होत्या, शहाण्या माणसाने जावं तिथेच तो गेला. पण तिला वळ म्हणून सांगायला रस्त्यावर कोणी नव्हतं.

तिचा फोन माझ्या खिशात आहे. दाजींचा लागत नाही.

एसटीचे दिवे दिसताहेत. हे पत्र शिवप्पाकडे देत नाही, मीच बसतो. खिडकीशी बसेन, उजवीकडे-डावीकडे बघत येईन. टॉवेल घेतला आहे, ओला आहे, पिळून घेतो. रस्त्यात भेटली तर दोघं तुझ्याकडेच येऊ. नाही भेटली तर मी एकटा तुझ्या दारात उभा राहीन. तेव्हा काय बोलायचं ते बोल.

लोभ मागायला आज तोंड नाही.

शहाजी

ता. क. ती पडली असेल, अशी भीती मला वाटत नाही. पडली तर कोणीतरी उचलेल. वळायचं विसरून, कुठे चाललो हेही विसरून, ती अजून पायडल मारत असेल, याची भीती वाटते. आणि तिला थांब म्हणायला मी जवळ होतो तेव्हा मी जा म्हणालो.