उलटा दिवस

३ तारीख, सोमवार

आज कामावर रुजू झाले, राहणंही इथेच. ही वही धाकट्या भावाची भेट. म्हणाला, ताई, नव्या जागी बोलायला कोणी नसेल तेव्हा हिच्याशी बोल, म्हणजे फोनवर माझं डोकं खाणार नाहीस. रविवार सापडला की भेटायला येईन, असं मात्र त्याने कबूल केलंय.

संस्था लहानशी, आसपासच्या लोकांनीच उभी केलेली. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासूनच ज्यांना स्वतःचं स्वतःला करता येत नाही अशी मोठी माणसं इथे राहतात. भिंतींना कमरेच्या उंचीवर आधाराचा लाकडी दांडा, जिन्याच्या पायऱ्यांना रबरी पट्ट्या, दारांना गोल पितळी मुठी, आणि एकाही दाराला कुलूप नाही. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या व्यवस्थापिका, हे सांगताना अगदी खुलल्या. मलाही बरं वाटलं. शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तो बंद पडला, आता माणसांची बटणं लावायची. जमेल. या हातांना न जमणारं काम मी अजून पाहिलेलं नाही.

५ तारीख, बुधवार

इथल्या कामाच्या दोन रीती मोठ्या बाईंनी माझ्याकडून घोटून घेतल्या. राहणाऱ्या माणसाचं बोलणं खोडायचं नाही, हो म्हणायचं. आणि त्याचं एखादं काम आपण हाती घेतलं की परत त्याच्यावर टाकायचं नाही, त्याची धांदल होते.

इथल्या एका बाईंना सगळे टापटीप म्हणतात. दिवसभर खुर्चीत बसून आमच्या टॉवेलांच्या घड्या कशा चुकतात ते सांगत असतात. स्वतःला मात्र रुमालही उचलता येत नाही. आज मी भरवत असताना म्हणाल्या, मीसुद्धा इथे कामालाच आले होते. मी म्हटलं, हो ना, आहातच तुम्ही कामाला, आता तोंड उघडा बघू. मोठ्या बाईंनी माझं कौतुक केलं. टापटीपनी तोंड उघडलं.

७ तारीख, शुक्रवार

आज माझा उलटा दिवस होता. नव्याने आलेल्या बाईने एक दिवस राहणाऱ्यांसारखं राहायचं, म्हणजे दुसऱ्याच्या हातून जेवताना काय वाटतं ते कळतं. आपण ‘पुरे’ म्हटलं की दिवस संपतो. सकाळी एकीने माझी बटणं लावली, दुसरीने भरवलं, जाईन तिथे कोणीतरी पुढे होऊन दार उघडत होतं. सुरुवातीला मला हसू आवरेना.

संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः माझे केस विंचरायला बसल्या. आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. घरात सगळ्यांचं करत आले ती मीच, माझं कोणी केलं नाही. डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, पुरे का? मी म्हटलं, नको, चालू द्या. आणि तशीच खुर्चीत झोपून गेले.

८ तारीख, शनिवार

सकाळी एप्रनचं बटण लागेना. बोटं बटणाशी पोहोचतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचतच नाही. माझ्या बोटांना! कंगवा धरला, तोही नुसताच डोक्यावर टेकून राहिला. अवघडून झोपल्यामुळे हात आखडले असतील. जाता जाता एकीने बटण लावून दिलं. मी नको म्हणत होते.

११ तारीख, मंगळवार

चमचा तोंडापर्यंत येत नाही. दाराची मूठ धरते, ती फिरवायची कशी ते कळत नाही. त्या दिवशी दुसऱ्यांनी माझं जे जे केलं, तेच नेमकं गेलंय.

मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, पुरे. त्या म्हणाल्या, हो, पुरे, आणि घास पुढे केला. मी म्हटलं, मी इथे कामाला आहे. म्हणाल्या, आहातच ना तुम्ही कामाला. माझेच शब्द. शेजारच्या खुर्चीतून टापटीप हळूच म्हणाल्या, मीही ‘चालू द्या’ म्हटलं होतं.

१३ तारीख

धाकट्याला फोन लावायला घेतला. मी लावते म्हणत एकीने फोन काढून घेतला आणि नंबर लावून दिला. त्याने उचलला नाही. आता मला फोनवरचे आकडे दाबता येत नाहीत.

कुठेच कुलूप नाही. दारासमोर उभी राहते, कोणी उघडेल म्हणून वाट बघते. उघडतात, आणि दंडाला धरून परत खुर्चीपाशी आणतात.

१६ तारीख, रविवार

धाकटा आला. जीव भांड्यात पडला. सगळं सांगितलं, घरी ने म्हटलं. पण मोठ्या बाईंनी त्याला आधीच बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. तो म्हणत राहिला, हो ताई, नेतो हं ताई. त्यांच्याच सुरात. माझ्याशी वाद घातल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, तो आज एकदाही भांडला नाही.

मीच चालत निघते म्हणून उठले. चपलेचा पट्टा सुटला. ओरडले, हात लावू नकोस. तो वाकला आणि त्याने पट्टा लावला. म्हणाला, लहानपणी माझे तू लावायचीस. रडत होता. मग मला धरून त्याने अलगद खुर्चीत बसवलं.

तेव्हापासून मला उठता येत नाही.

वही याच खुर्चीच्या गादीखाली होती. तिच्यावरच बसले होते मी, आणि त्याला द्यायचं सुचलं नाही —

वार कोणता, विचारलं नाही

लिहिणं अजून माझं आहे. पेन कोणी हाती घेतलेलं नाही. कोणी जवळ आलं की वही झाकते — पुढच्या वेळी धाकट्याच्या हातात देईन. वाचल्यावर तरी तो —

टापटीप आता बोलत नाहीत. कोणीतरी त्यांच्या वतीने बोलायला लागलंय. त्यांना पाणी हवंय, त्यांना झोप आलीय — त्या नुसत्या ओठ हलवतात

आज

नवीन बाई रुजू झाली. हसरी. तिने मला भरवलं. म्हटलं, मी इथे कामालाच आले होते. म्हणाली, आहातच ना, तोंड उघडा बघू.

उद्या तिचा उलटा दिवस. एवढं तरी लिहून तिच्या हातात — बाई, उद्या पुरे म्हणा. लगेच म्हणा. केस विंचरून घेऊ नका, कितीही बरं वाटलं तरी —

इकडेच येतेय — शेजारी बसली. म्हणते, हात किती थरथरतोय तुमचा. म्हणते, द्या ते पेन इकडे, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहि